यंदा मध नाही

प्रिय राणीमाशी,

घरभर सगळ्यांना कामाला लावायचीस म्हणून तुला हे नाव पडलं, आता लेकीची आई झालीस तरी ते सुटायचं नाही. परवा फोनवर तू मधमाश्यांची खुशाली विचारलीस आणि मी घाईघाईने फोन आईकडे दिला. तिनेही तुला नुसतं हवापाणी सांगितलं. म्हणून हे पत्र.

कुंपणापलीकडचे कलिंगडवाले काका तुला आठवतात ना? फवारणी असली की आदल्या दुपारी त्यांचा निरोप यायचाच, मग तिन्हीसांजेला मी पेट्यांची दारं जाळीने बंद करायचो. माश्या आत कुरकुरत बसायच्या, तुझ्यासारख्याच. यंदा काका हसतच आले. फवारणी बंद केली, औषध ठिबकच्या नळीतून थेट मुळाशी सोडलंय, आता तुझ्या माश्यांना धक्का लागायचा नाही, म्हणाले. बिचाऱ्यांनी खास माझ्या माश्यांसाठी पद्धत बदलली होती. मला इतका आनंद झाला की आईला दोनदा चहा टाकायला लावला. पेट्या उघड्याच ठेवल्या.

मुळाशी गेलेलं औषध वेलीतून वर चढतं आणि फुलाच्या रसात उतरतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. माश्या पेटीच्या तोंडाशी येऊन थरथरायच्या, गोल गोल फिरायच्या, घर समोर असून त्यांना सापडायचं नाही. बऱ्याचशा परतल्याच नाहीत. मी एकेकीला उचलून आत ठेवत होतो. त्याने काय होणार होतं? आता पेटीला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. भुंगेसुद्धा दिसत नाहीत.

तोंड कोणावर टाकावं तर समोर काकाच. रोज येऊन पायरीवर मान खाली घालून बसतात आणि मलाच त्यांची समजूत घालावी लागते. त्यांच्या वेलींना फुलं भरभरून आलीत, पण फळ धरत नाही, नुसती गळतात. म्हणून सकाळी आम्ही दोघं म्हातारे कापसाच्या बोळ्याने नरफुलांतले पराग मादीफुलांना लावत फिरतो. कंबरेचा काटा ढिला होतो आणि एक ओळही पुरी होत नाही. आई म्हणते, माश्या बऱ्या होत्या, निदान मधूनमधून चहा तरी मागत नव्हत्या. म्हणते आणि आत जाऊन डोळे पुसते.

तर यंदा मधाची बाटली येणार नाही. नातीला काहीतरी कारण सांग, मला सुचत नाही. आणि तुझ्या चित्रांचे जुने कुंचले असतील तर लगेच पाठव, अगदी मऊ केसांचे. कापसाने फुलं फाटतात गं.

तुझाच,
बाबा