पोरं असतात कुठे?

९ जून, सोमवार
माझ्या व्यायामाच्या वर्गाला आज पंधराजणी! इमारतीचा हॉल पुरेना. सुरुवातीला एकटी पार्लरवाली यायची, तीही माझ्यावर उपकार म्हणून. आज ठणकावून सांगितलं — मुलांची सबब इथे चालायची नाही. संध्याकाळचा अर्धा तास आईचा स्वतःचा. पोर कुणाकडेही सोपवा, पण या! सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातली शाळेतली शिक्षिका मात्र तोंड दाबून हसत होती. काय झालं होतं कोण जाणे.

१० जून
सासूबाई जेवता जेवता पेंगत होत्या. म्हटलं, "आई, दिवसभर घरात बसून अंग जड होतं. जरा खाली येऊन चार फेऱ्या मारत जा." नुसतं "बघू" म्हणाल्या. यांना स्वतःच्या तब्येतीचं काही पडलेलंच नाही!

१३ जून, शुक्रवार
अजून विश्वास बसत नाही.

दातांच्या दवाखान्यातली ड्यूटी संपली की मी थेट हॉलमध्ये शिरते. आज चटई घरी राहिली म्हणून तिसऱ्या मजल्यावर धावत गेले. दाराशी चपलांचा ढीग — सगळ्या एवढ्या एवढ्याशा! आत सोफ्यावर पोरं, टेबलाखाली पोरं, एकजण फ्रिज उघडून त्यात डोकं घालून उभा. पार्लरवालीची धाकटी सासूबाईंच्या कडेवर. शिक्षिकेचे जुळे त्यांच्या दोन पायांना चिकटलेले.

"हे काय?"

"कुणाकडेही सोपवा म्हणालीस ना? त्यांनी माझ्याकडे सोपवली."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुझा वर्ग बंद पडला असता, बाई."

आणि शेजारच्या खोलीत नवरा, कानाला हेडफोन! "मला वाटलं तुला माहितीये. मी मीटिंगमध्ये असतो, दार लावलेलं असतं." कपाळ माझं! आणि मी त्या माऊलीला चार फेऱ्या मारायला सांगत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ जून, सोमवार
वर्गात आज सगळं स्पष्ट बोलणार होते. त्याआधीच वरून किंकाळी आली. खेळण्यातल्या गाडीवर सासूबाईंचा पाय पडला, कडेवर ती धाकटी. पोरीला ओरखडासुद्धा नाही. सासूबाईंचं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पोर सोडली असती तर हात वाचला असता.

"सोडेन कशी?" म्हणाल्या.

१७ जून
सगळ्याजणी रडवेल्या होऊन घरी आल्या. मी ओरडले — वर्ग बंद! कायमचा! तेवढ्यात आतून सासूबाई कडाडल्या, "अगं, या पोरांना बाप नाहीत का?"

खरं सांगते, आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं! शिक्षिकेचा नवरा तर चारलाच घरी येतो. माझा तर घरातच बसलेला!

१९ जून
वर्ग भरला. वर पोरं आणि त्यांचे भांबावलेले बाप. खाली हॉलमध्ये पहिल्या रांगेत, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून — सासूबाई!

"आई, तुम्ही? इथे?"

"चार पोरं वाढवली मी. असा अर्धा तास आज पहिल्यांदा मिळालाय. तो बोलण्यात घालवू नकोस, सुरू कर."