कप्तानाचा शेवटचा खंड

चि. धाकटीस,

तुझ्या जपानी मांगा चित्रकथा-मालिकेचे खंड मी रद्दीत विकले, म्हणून तू घर सोडलेस, असे तू आत्याला सांगितलेस. ते अपुरे आहे. दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याच्या विनवण्या करून मी ते परत आणले आणि सहा वर्षांत पुढचे एकोणीस खंड विकत घेऊन वाचले. मालिकेतला कप्तान शेवटी समुद्रातच मरणार, असे तू म्हणायचीस. माझ्या मते तो घरी परतेल.

तुझी आई म्हणते, "अहो, इतकं कळतंय तर तिलाच फोन करा ना."

फोन मी उचलतो आणि ठेवतो. हे पत्रही बहुधा खणातच राहील. तरी तारखा अचूक असाव्यात:

तू घर सोडलेस : ४ जून, ६ नव्हे.
खंड परत आणले : ५ जून.
माझ्या हृदयाचे ऑपरेशन होणार : ९ मार्च.
शेवटचा खंड येणार : १२ मार्च.

तुझा,
बाबा