पुढच्या चाकांना जोर

अब्बा,

गेल्या आठवड्यात मी पाड्यावर जाऊन आले. मोखाड्याच्या बाजारातून जीपमध्ये बसले आणि मांडीवरची पिशवी नीट करते न करते तोच माझी जुनी शाळा आली. रस्ता आता डांबरी झालाय, तो लाल चढसुद्धा. चढावर मी ड्रायव्हरला जरा थांबायला सांगितलं, तर तो म्हणाला, "उलटीबिलटी होते का, बाई?" त्याला काय सांगणार, की या एवढ्याशा चढासाठी माझा बाप अख्खा उन्हाळा ट्रकखाली उताणा पडून होता? घरी आल्यापासून तुमची गाडी डोक्यात घुमते आहे, म्हणून लिहायला बसले. बरं वाटतंय मला, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी पुन्हा रडायला बसली.

मला त्या शाळेत नेमलं तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता आणि आपल्या जव्हारच्या गल्लीतली एकही मुलगी नोकरीसाठी घराबाहेर राहिली नव्हती. अम्मीने सरळ नाही म्हटलं नाही. तिने तुम्हाला एवढंच विचारलं, "पावसात तिथे एसटी जात नाही, जीप जात नाही. पोरगी आजारी पडली तर कोण आणणार?" तुम्ही म्हणालात, "मी आणणार." "कशात? तुमचा ट्रक तर आपल्या दारातल्या चिखलात बसतो." अम्मी खोटं बोलत नव्हती. आपल्या ट्रकला जोर फक्त मागच्या चाकांना. चिखलात ती जागच्या जागी फिरून स्वतःसाठी खड्डा खणायची आणि पुढची दोन पाहुण्यांसारखी बघत बसायची. मग ठरलं ते असं, की पावसात ट्रक तो चढ चढला तर मी जायचं, नाही चढला तर नोकरी सोडायची आणि भिवंडीच्या स्थळाला होकार द्यायचा. ठरवलं तुम्ही दोघांनी. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

"बैल गाडीच्या पुढे जुंपतात, मागे नाय," असं म्हणून तुम्ही नाशिकला गेलात आणि लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या गाडीचा पुढचा ॲक्सल आणि एक जास्तीचा छोटा गिअरबॉक्स घेऊन आलात. गाडीच्या इंजिनाचा जोर दोन वाटांनी वाटून द्यायचं काम या छोट्या गिअरबॉक्सचं, हे तुम्ही अम्मीला चहाच्या दोन कपांत ओतून दाखवलं होतं. मागच्या आवारातल्या चिंचेला साखळी बांधली, ट्रकचं तोंड उचलून खाली लाकडी ओंडके लावले, आणि आपल्या घराचा कारखाना झाला. दातेरी चाकं अम्मीच्या परातीत रॉकेलने धुतली जायची, बेअरिंगं भाकरीच्या टोपलीत, फडक्यात गुंडाळलेली. अम्मी म्हणायची, "आता नटबोल्टांचं कालवण तेवढं बाकी आहे." आज माझ्या स्वयंपाकघरात कुठे रॉकेलचा वास येत नाही, पण परात तीच आहे. तिच्या कडेला पोचा आहे. तुम्हीच पाडलेला.

उन्हाळा संपत आला तरी काम संपेना. पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानी उंच कराव्या लागल्या, शाफ्ट लांब पडला म्हणून कापून पुन्हा जोडावा लागला, तुमची बोटं सोलवटून निघाली. एका दुपारी मला राहवलं नाही. मी ट्रकजवळ वाकून म्हटलं, "राहू द्या अब्बा, नाही जात मी." तुम्ही खालून बाहेर आलात. असा चेहरा मी तुमचा कधी पाहिला नव्हता. "तुझ्या मनात नसंल तर मनात नाय म्हणून बोल. माझ्या हाताची दया नको करू." आणि परत आत सरकलात. मला तेव्हा फार लागलं ते. पुढे चाळीस-चाळीस पोरं समोर बसायला लागल्यावर पटलं, की दयेच्या नावाखाली 'राहू दे' म्हणणं ही किती सोपी सवय आहे.

मग तो चाचणीचा दिवस. चारही चाकं ओंडक्यांवर अधांतरी, तुम्ही केबिनमध्ये, अम्मी आणि मी ओट्यावर. छोट्या गिअरबॉक्सचा नवा दांडा तुम्ही ओढलात, क्लच सोडलात, आणि चाकं फिरायला लागली. मागची पुढे. पुढची मागे! तुम्ही डोकं बाहेर काढून बघितलंत, आत घेतलंत, पुन्हा काढलंत. अम्मी पदर तोंडावर धरून म्हणाली, "मागची चाकं मोखाड्याला निघालीत आणि पुढची माझ्या माहेरी." तुम्ही इंजिन बंद केलंत आणि आवारातल्या विटांच्या ढिगावर जाऊन बसलात. मला वाटलं, संपलं सगळं.

चूक तुमच्या हट्टाची होती. मिलिटरीच्या ॲक्सलमधला गोळा, म्हणजे चाकांना फिरवणारा मधला दातेरी भाग, तुम्ही काढून टाकला होता आणि तिथे आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रकचा मागचा गोळा बसवला होता. का, तर पुढची-मागची चाकं सारख्याच वेगाने फिरली पाहिजेत, "एका आईची लेकरं भांडत नाहीत." पण मागच्या गोळ्याचं तोंड गाडीच्या नाकाकडे असतं. तो पुढे बसवला की तोंड वळतं शेपटाकडे, आणि तोंड वळलं की फिरणंही उलटतं. विटांवर बसून तुम्ही दोन्ही तळहात समोरासमोर धरून कितीतरी वेळ फिरवत होता. मग एक हात पालथा केलात आणि एकदम हसायला लागलात, असे की खोकला आला. "उलटाच बसवतो त्याला! डोकं खाली, पाय वर. तेल जरा जास्ती पिईल, पिऊ दे." अम्मी हसली, मी हसले. त्या उन्हाळ्यातलं ते आपलं पहिलं हसणं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं मला, आणि तेव्हाच कळलं की मला जायचंय.

चढावर आपण गेलो तेव्हा भाताच्या आवण्या चालू होत्या. शेतातली माणसं रोपं हातात घेऊन उभी राहिली. एक म्हातारा बांधावरून ओरडला, "नका आनू गाडी! इथं बैल पन बसतं, तुमची काय चढंल?" तुम्ही दांडा ओढला. पुढची चाकं चिखलात अर्धी बुडाली, गाडी आडवी सरकली, अम्मीने माझा दंड घट्ट धरला, आणि मग पुढच्या चाकांना कुठेतरी खडक लागला असणार. गाडी हळूहळू, कण्हत, वर आली. म्हातारा पळत मागून आला आणि पुढच्या चाकाला हात लावून बघत म्हणाला, "हे पन वढतं का?" तुम्ही म्हणालात, "हे पन वढतं, बाबा." अम्मी गाडीतून उतरली ती थेट शाळेमागच्या माझ्या खोलीत चूल कुठे मांडायची ते बघायला गेली.

आता जे लिहायचं होतं ते. भात निसवायला लागला होता तेव्हा तुम्ही धान्याची पोती घेऊन वर आलात. खोलीत पाणी प्यायलात. माझी पत्र्याची पेटी दाराशी होती, भरून कुलूप लावलेली, वर चादरीची घडी. छप्पर गळत होतं, पोरांची बोली मला कळत नव्हती, माझी त्यांना. दिवसभर बोलून संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. पेटी तुम्ही पाहिलीत. "बरं हाय ना?" विचारलंत. मी म्हटलं, बरं आहे. तुम्ही जाऊन इंजिन सुरू केलंत आणि तसेच बसून राहिलात. उगाच इंजिन चालू ठेवणाऱ्याला शिव्या घालणारे तुम्ही, समोर बघत डिझेल जाळत बसलात. हॉर्नसुद्धा दिला नाहीत. मी ट्रकजवळ आले. मनात आलं, ही गाडी कधीही इथे येऊ शकते. म्हणजे आजच जायला हवं असं काही नाही. मी पुढे जाऊन, क्लीनर 'चला' म्हणून मारतो तशी, बॉनेटवर दोनदा थाप मारली, आणि तुम्ही गिअर टाकलात. मग मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले, आणि मला परत आणायला गाडी कधी लागली नाही.

हे पत्र घडी करून तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवीन. निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं, की पहिल्या दिवसापासून माझं मन इथे रमलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही असता तर मला तसं बोलता आलं नसतं. थाप मारायच्या आधी माझा हात केबिनच्या दाराच्या मुठीवर होता, अब्बा. आरशात तुम्हाला तो दिसलाच असणार.