भोंग्यानंतरची किक

बाई, काल शुक्रवारी इथे कुवेतमध्ये, फिंतासच्या मैदानावर आम्ही अंतिम सामना जिंकलो आणि जिंकून देणारी किक माझी होती. सकाळपासून हे वाक्य मी मनातल्या मनात कितीदा तरी म्हणून पाहिलंय. थोडी बढाई वाटते, पण तुमच्यापुढे मारायला हरकत नाही. खेळ खो-खो नव्हता, ऑस्ट्रेलियन फुटबॉल होता. तुम्ही पाहिला असतात तर पहिली दहा मिनिटं कपाळाला हात लावून बसला असतात. लांबोडका चेंडू, तो हातातही घ्यायचा, लाथेनंही मारायचा, मुठीनं ठोसून सोबतिणीकडेही द्यायचा, आणि चेंडू घेऊन पळणारीला कवेत धरून खाली पाडायचं. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोघांमधून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एकच.

मी यात शिरले ती लेकीमुळे. आम्ही एगैलाला राहतो, मी पेट्रोकेमिकलच्या प्लांटवर इंजिनिअर आहे, आणि लेक तेरा वर्षांची आहे. तिच्या शाळेतली एक ऑस्ट्रेलियन शिक्षिका शुक्रवारी आधी मुलींचा आणि मग बायकांचा सराव घेते. लेक दोन शुक्रवार गेली आणि म्हणाली, "इट्स नॉट फॉर मी, आई." तिला घरी न्यायला मी मैदानाच्या कडेला उभी होते. त्या दिवशी बायकांमध्ये एक जण कमी होती. शिक्षिकेनं इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला पळता येतं का?" मी म्हटलं, "एके काळी येत होतं." बेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसच्या बुटांनी, मी पळायला लागले. लेक गाडीत बसून काचेतून बघत होती आणि तिला माझी लाज वाटत होती, हे मला लांबूनही दिसत होतं.

तो काळ तुम्हाला माहीत आहे. आंतरशालेय अंतिम सामना, शेवटचं मिनिट, पाठलागावर मी. समोरची मुलगी खुंटाकडे पळतेय, माझ्यापासून हातभर अंतरावर. सूर मारला तर ती बाद. आणि मी सूर मारत नाही. बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून खो देते. ती उठेपर्यंत पळणारी निसटते आणि आपण एका गुणानं हरतो. त्या संध्याकाळी तुम्ही आम्हा सगळ्यांना घरी नेलंत. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, जमिनीवर, जागा मिळेल तिथे आम्ही बसलोय, डोळे सुजलेत, आणि तुम्ही मुगाची खिचडी वाढताय. माझ्या ताटापाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "ती तुझ्या हातात होती. डाव म्हणून खो दिला नाहीस तू. चुकलं तर आपल्या नावावर नको, म्हणून दिलास." वर चमचाभर तूप वाढलंत आणि पुढच्या मुलीकडे गेलात. मी ती खिचडी संपवली आणि पुन्हा मैदानावर आले नाही. तुमचा तास असला की मान खाली घालून बसायचे. तुम्हीही बोलावलं नाहीत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हा पहिला राग मला याचाच आला, की आता तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

कालचा सामना शहरातल्या शर्क भागातल्या ऑफिसांतल्या बायकांच्या संघाशी होता. सगळ्या पंचविशीतल्या, दांडग्या, आणि मागची दोन्ही वर्षं जिंकलेल्या. मी अख्खा मोसम राखीव होते. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात आमच्या संघातल्या एका नर्सचा घोटा मुरगळला आणि शिक्षिकेनं माझ्याकडे बोट केलं. शेवटची मिनिटं, आम्ही चार गुणांनी मागे. त्यांची सर्वांत वेगवान मुलगी आम्ही ज्यांत गुण करायचे त्या खांबांपासून चेंडू घेऊन बाहेर निघाली, आणि तिच्या मागे फक्त मी. बाई, पाठलाग मला येतो. तो पायांत राहिलेला असतो, गुडघे कुरकुरले तरी. ती डावीकडे वळणार हे मला तिच्या खांद्यावरून आधीच कळलं. अंतर हातभर झालं आणि मी अंग झोकून दिलं. तिच्या कमरेला मिठी मारून दोघी खाली आपटलो, तोंडात माती. चेंडू तिच्या हातातच अडकला होता. पंचांनी शिट्टी वाजवली. चेंडू धरून ठेवला म्हणून फ्री किक, आणि ती माझी.

खांबांपासून पंचवीस-तीस पावलं, जरा तिरप्या कोनात. शिक्षिका स्वतःही आमच्या संघात खेळते; ती पुढे त्यांच्या दोघींच्या गराड्यात उभी राहून हात हलवत होती, "गिव्ह इट टू मी." तिची किक माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. पण तिच्यापर्यंत चेंडू पोचण्याआधी त्या दोघी झडप घालणार, हे स्पष्ट दिसत होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यात भोंगा वाजला. वेळ संपली होती, पण हातात किक असेल तर ती घेता येते, असा या खेळाचा नियम आहे. आता एक गुण कुणाच्याच कामाचा नव्हता. मी चार पावलं मागे गेले, पळत आले आणि लाथ मारली. चेंडू वेडावाकडा फिरत वर गेला, डाव्या खांबाला घासेल असं वाटलं, आणि आतून गेला. खांबांमधल्या पंचांनी दोन्ही हातांची बोटं पुढे केली. सहा गुण. मग कोण कोण माझ्या अंगावर येऊन पडलं ते सांगता येणार नाही. सगळ्यांत आधी मैदानात धावत आली ती माझी लेक, आणि तिनं चक्क मराठीत म्हटलं, "आई, तू पडलीस कसली भारी."

आज अंग इतकं दुखतंय की कप उचलायला दोन्ही हात लागतात, आणि मी उगीच हसतेय. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, तेव्हा ते इथेच राहील. फक्त एक गोष्ट कबूल करायची आहे. सामन्याच्या गोष्टी सांगताना लोक म्हणतात ना, त्या क्षणी मला माझे गुरू आठवले. किक घ्यायला मागे गेले तेव्हा तुम्ही मला आठवला नाहीत, बाई. कुणीच आठवलं नाही. फक्त चेंडू दिसत होता.