माझ्या नंबरवर आलेला मेसेज

चारोटी
१५ सप्टेंबर २०१९

प्रिय संगिता,

फोन करणार होते. दोनदा मोबाइलवर तुझं नाव काढलंही. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझा आवाज जरा भरून आला की "असू दे गं" म्हणून मोकळी होतेस. या वेळी ते नको होतं, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

तुझी धाकटी जमना सांगत होती, कंपनीत दिवसभर उभ्यानं डबे भरावे लागतात, तुझे पाय सुजतात, उंबरगावहून घरी सायवनला महिन्यातून एकदाच येणं होतं. इकडे माझं तिसरं वर्ष सुरू झालंय. तुझ्या बाकावर आता रुचिता बसते. कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम अडला की सर अजून सवयीनं त्या बाकाकडे बघतात.

मागच्या वर्षी डहाणूच्या सायबर कॅफेत आपण शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, ते आठवतं? साइट सारखी बंद पडायची, आपण वडापाव खाऊन परत यायचो. चौथ्या दिवशी कुठे फॉर्म गेला. मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी तू थांबलीस, कारण तुमच्या घरात फोनच नव्हता. "तुझाच टाक," म्हणालीस, "तुझं-माझं काय वेगळं आहे?" आपला वर्ग विनाअनुदानित, फी मोठी. हाल्याकाका बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवायला जातात, त्या मजुरीतून लेकीची फी कधीच निघाली नसती. शिष्यवृत्ती होती म्हणून तू कॉलेजात होतीस, हे मला पुरतं ठाऊक होतं.

मग होस्टेलची यादी लागली. तुझं नाव पहिल्या पाचात, माझं नव्हतंच. तू हसत म्हणालीस, "तुला कशाला हवं होस्टेल? घरनं एसटीनं तर येतेस." तू सहज बोललीस. पण आमच्या एका खोलीत सहा माणसं, दादा पिऊन आला की पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. मला ते फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी, एसटीत बसले असताना, मेसेज आला. तुझा फॉर्म परत पाठवला होता. उत्पन्नाचा दाखला जुना, पंधरा दिवसांत नवा जोडायचा. मी तो नीट वाचला, संगिता. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. मनात आलं, राहू दे दोन दिवस, होऊ दे तिचीही थोडी धावपळ. हेच शब्द. दोन दिवसांनी तू वर्गात भेटलीस, तेव्हा आधी का नाही सांगितलंस असं विचारशील म्हणून गप्प बसले. मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत रोज तो मेसेज उघडून बघायचे आणि फोन बाजूला ठेवायचे. मुदत संपली तेव्हा पुसून टाकला.

जानेवारीत ऑफिसातल्या मॅडमनी तुला बोलावलं. फॉर्म रद्द झालाय, फी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, म्हणाल्या. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "मेसेज आला होता का गं?" मी म्हणाले, "नाही." तू पुन्हा विचारलं नाहीस. उलट मॅडमना म्हणालीस, "माझीच चूक असेल, दाखला मी नीट बघितला नसेल." हाल्याकाका चप्पल दाराबाहेर काढून उभे होते. जाताना मला म्हणाले, "बाय, तू होतीस म्हणून एवढं तरी शिकली ती." तुझी पेटी मी स्टँडपर्यंत उचलून आणली. आणि गाडी सुटताना तू माझी माफी मागितलीस, तुझ्या फॉर्मपायी माझे तास बुडाले म्हणून. मी ती माफी घेतली गं. मेसेज लपवला त्याहून मला त्याची जास्त लाज वाटते.

त्यानंतर कितीदा तुझ्याशी बोलले, तुझ्या पायांची चौकशी केली, पण हे तोंडातून निघालं नाही. तू मला चांगली समजतेस, ते मला सोडवत नव्हतं.

आज सकाळी जमना आली. कॉलेजात नाव घातलंय, आता शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय म्हणाली. आधी सगळं कागदावर उतरवून आणलं होतं. "ताईला कंपनीत फोन बाहेर ठेवावा लागतो, आमच्याकडे रेंज नसते. ताई म्हणाली, शितलचाच नंबर टाक, ती बरोबर लक्ष ठेवते." असं म्हणून तिनं पेन माझ्या हातात दिलं. माझ्यानं नंबर लिहवला नाही. ती घाबरली, काही चुकलं का विचारत राहिली. तिचं काही चुकलं नव्हतं. तुला पुन्हा दुसऱ्या वर्षाला घ्यावं म्हणून प्राचार्यांना हे सगळं माझ्या सहीनिशी लिहून द्यायची माझी तयारी आहे, पण ते तू सांगशील तरच. जमना उद्या तुझ्याकडे येतेय, हे पत्र तिच्याच हाती देते. नंबरचा रकाना रिकामा ठेवलाय. तिथे कुणाचा नंबर लिहायचा, ते हे वाचून तूच तिला सांग.

तुझीच म्हणायला आज जीभ अडते, तरी तुझीच,
शितल