कापसाच्या खोलीतले जांभळे दिवे

रागिणी,

आईले घेऊन अमरावतीले डोळ्याच्या डॉक्टरकडे चाललो. सकाळी उठली तं डोळे सुजून लाल. रेती गेल्यावानी टोचून राहिलं म्हणते, उघडताच येत नाही.

चूक माही आहे. मिरचीची रोपं दणकट व्हावी म्हणून काल कापसाच्या खोलीत जुन्या एलईडीच्या बाजूले अल्ट्राव्हायोलेटचे जांभळे दिवे बसवले. आईले बजावलं, हात लावू नको. तिनं नाही लावला. पण दिवेलागणीले मी बटन दाबलं, अन् ती रोजच्यासारखी हात जोडून दिव्यासमोर बसली. वावर गेल्यापासून रोपं तिथंच वाढतात, म्हणून ती त्या खोलीलेच वावर म्हणते. तासभर पाहत होती. मी काळा चष्मा घालून बाजूलेच तारा जोडत होतो. पाहू नको, एवढं म्हणाचं मले सुचलं नाही.

ड्युटीवरून आली की खोलीत जायच्या आधी बाहेरचं दुसरं बटन बंद करजो, जांभळे तेवढेच विझतील. कोपऱ्यातले गडद तांबडे दिवे मेल्यावानी दिसतात, पण ते चालूच असतात, त्यायचा उजेड आपल्या डोळ्याले जेमतेमच दिसते. जळाले समजून काढू नको. रोपाले पाणी देजो.

तू म्हटलं होतं, चष्मे दोन आण. मी एकच आणला.

आई डोळ्यावर ओला पदर धरून दारात चप्पल चाचपडून राहिली. विचारते, "गजू, आज मी घरी नसली तं दिव्याले हात कोण जोडंन?"

तू जोडजो. जांभळे बंद असले तरी डोळे मिटून जोडजो.

गजेंद्र