तुझ्या घरचं पाणी

सुरत,
१६ जानेवारी २०२५

चि. गायत्रीस,

आईचे अनेक आशीर्वाद. चेतनरावांनाही सांग. संक्रांत झाली, तिळगूळ द्यायचा राहिला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान वाचतो.

माझा गुडघा कुरकुरतो, चालायचंच. बातमी अशी की बाबांचे कागद कॉलेजने ग्रंथालयात जपून ठेवायला मागितले. जन्मभर सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवलं आणि सुरतभरचं पाणी तपासत फिरले. घरात कागद नाहीत अशी जागा नव्हती. काल ग्रंथालयातली सोनाली टेम्पो घेऊन आली. गठ्ठे गेले आणि भिंतींचा रंग दिसला. तेव्हा मी रडले. त्यांना नेलं तेव्हाही इतकी रडले नव्हते.

सोनाली चौकस पोरगी. पांडेसऱ्याच्या नाल्या, सचिन गावच्या बोअरचं पाणी, सगळं नीट लावत होती. मधेच एक अहवाल पुढे करून म्हणाली, "मासी, हा बमरोलीचा नमुना कुठल्या कामातला? बीज्या कुठल्याच कामात बसत नाही."

मी म्हटलं, तो माझ्याकडे राहू दे.

तो तुझ्या घरचा आहे, गायत्री. त्या दिवाळीत चेतनरावांनी हातात दिलेला पेला बाबांनी ओठाला न लावता पिशवीतल्या बाटलीत ओतला, तोच. तू भडकलीस. "बाबा, माझ्या घरचं पाणी तपासायला आलात? मिलमध्ये राबणाऱ्याच्या घरचं पाणी घाण असतं का?" त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. त्यानंतर तू आमचा उंबरा चढली नाहीस. आलीस ती थेट त्यांच्या तिरडीपाशी.

अहवालावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: पिण्यास उत्तम.

मग प्यायले का नाहीत? हे लिहायला बसले आणि दोनदा उठून चहा केला.

तुझी धुळ्याची आजी म्हणायची, "आंडेरना घरनं पानी पेवानं नही." लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मी चिडवायचे, पाण्याचे प्रोफेसर तुम्ही, आणि हे कुठलं शास्त्र? म्हणायचे, "आईला शब्द दिलाय." तुझ्या लग्नात वाटलं, वर्षभराचा तर प्रश्न. मग तुला दिवस गेले, टिकले नाहीत. दुसऱ्यांदाही तसंच, त्या दिवाळीच्या तोंडावर.

कोणत्या तोंडानं कारण सांगणार होते? प्यायचं नाही, आणि पेला परतही करवेना, म्हणून बाटलीत भरून आणलं. म्हणाले, "तिनं मला गर्विष्ठ समजलेलं परवडलं." मला गप्प राहायची शपथ घातली. तपासून उरलेलं पाणी मोरीत ओतवेना, कढीपत्त्याच्या कुंडीत घातलं. पुढे आमटीत पान आलं की चावून खायचे आणि म्हणायचे, "पोरीच्या घरचं आहे." मी हसायचे. आता आमटी करवत नाही.

आज शपथ मोडतेय. तुझी जखम उकरतेय, तेही कळतं. पण तुझ्या मनात ते तसेच राहिले तर मला सहन व्हायचं नाही गं.

मीसुद्धा आजवर उपास आहे, रिक्षा थांबलीय, असं म्हणत तुझ्याकडचं पाणी चुकवलं. रविवारी येतेय. चहा नको, फराळ नको. आधी पाणी दे, पेला काठोकाठ भरून. त्यांच्या वाटचंही मलाच प्यायचं आहे.

तुझी,
आई